सगळं कळलं, पुढे काय? ‘सिंहासन’, ‘जॅकल’ आणि राजकीय थ्रिलरची ओढ

सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात मी एक वाक्य मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. राजकीय कटकारस्थानांच्या वेगवान कादंबऱ्या वाचकाला खिळवून ठेवतात, कारण त्याच्या मनात व्यवस्थेविषयी जो अविश्वास साचलेला असतो त्याला त्या वाट करून देतात. गाईडनी लाल रेघ वगैरे काही मारली नाही. फक्त ‘कारण’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘कुणी सांगितलं?’

कुणीच सांगितलं नव्हतं. ते वाक्य मला पटत होतं, ऐकायला बरं वाटत होतं, आणि तसंच काहीसं मी दहा ठिकाणी वाचलेलं होतं. संशोधनाच्या तयारीत असाल तर ही गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. एखादी गोष्ट लोकांना ‘का आवडते’ हा प्रश्न दिसायला सोपा असतो आणि त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटतं. पण ‘ओढ’ पुस्तकात नसते आणि एकट्या वाचकातही नसते. दोघांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी घडतं आणि आपण त्याला ओढ म्हणतो. नुसतं पुस्तक वाचून वाचकाबद्दल बोलायचं म्हणजे जाळं बघून मासळीचा भाव सांगण्यासारखं आहे.

हे मी खारदांड्यात राहून लिहितेय, आणि ते इथे सांगायला कारण आहे. आमच्याकडे ‘कट’ हा शब्द कादंबरीतला नाही, नाक्यावरचा आहे. समोरच्या समुद्रातून वांद्रे-वर्सोवा सी लिंक जातोय. होड्यांची वाट राहील का, मासेमारीची जागा किती जाईल, यावर कोळीवाड्यांच्या हरकती आहेत. त्याआधी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करायला सांगितला. गावठाणं आणि कोळीवाड्यांच्या हद्दींचं भांडण तर जुनंच आहे. नकाशावर आपलं घर नीट दिसत नाही तेव्हा माणूस दोनच गोष्टी म्हणू शकतो. एक, साहेब चुकले. दोन, साहेबांनी मुद्दाम केलं. आमच्या गल्लीत दोन्ही पक्षांचे लोक आहेत आणि संध्याकाळी त्यांची सभा भरते.

या सभेत शेजारचे एक काका बसतात. निवृत्त आहेत. आयुष्यभर लोकलमध्ये उभ्याने रहस्यकथा वाचलेला माणूस. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, पुढे सुहास शिरवळकर, मग इंग्रजी थ्रिलरचे मराठी अनुवाद, सगळं झालेलं. नकाशा हा बिल्डरांचा कट आहे की नाही यावर एकदा जोरात वाद चालला होता, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘कट असता ना, तर एवढी वर्षं लागली नसती.’

मी हसले होते. पण माझ्या सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्यापेक्षा हे वाक्य बरंच पुढचं आहे. इतक्या थ्रिलर वाचलेला हा माणूस त्या वाचून सगळीकडे कट बघायला लागलेला नाही. उलट कट कसा दिसतो याचा त्याच्याकडे एक नमुना तयार आहे, आणि समोरचं वास्तव त्या नमुन्यात बसत नाही हे त्याला कळतंय. का बसत नाही? तर वेगामुळे.

वेग म्हणजे ‘पानं भराभर उलटली जातात’ एवढंच आपण म्हणतो आणि पुढे जातो. थोडं थांबू या. घटना दाटीने आल्या की त्यांच्यामध्ये योगायोगाला जागा राहत नाही. सोमवारी एक फाईल गायब झाली, मंगळवारी कारकुनाचा अपघात झाला आणि बुधवारी मंत्र्याने राजीनामा दिला, तर यांचा संबंध आहे हे लेखकाला सांगावंच लागत नाही. हेच तीन प्रसंग सहा वर्षांत पसरून बघा. फाईल गहाळ झाली, पुढे कधीतरी कारकून वारला, आणखी पुढे मंत्री बदलला. आता हे सरकारी ऑफिस झालं. थ्रिलरमध्ये वेग हाच हेतूचा पुरावा असतो. राजकीय कटाच्या गोष्टीला तो बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त लागतो, कारण कट म्हणजे ‘हे कुणीतरी घडवलं’ असा दावा. तो दावा संथ गतीत टिकत नाही.

आणि आपण वास्तवालाही या गतीत बसवून घेतो. २३ नोव्हेंबर २०१९ घ्या. राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना ५ वाजून ४७ मिनिटांची, पण देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला तो सकाळी आठच्या सुमारास. आठला पहाट कोण म्हणतं? आमच्याकडे आठपर्यंत मासळी बाजारात पोहोचलेली असते. तरी सगळा महाराष्ट्र त्याला ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणतो आणि म्हणत राहील, कारण कट पहाटे शिजतो हे आपण वाचून बसलोय. (ते सरकार २६ नोव्हेंबरला गेलं. एवढं आटोपशीर कथानक कादंबरीत आलं असतं तर समीक्षकांनी लेखकाला झोडला असता.) मग जून २०२२, सुरत, गुवाहाटी, गोवा आणि ३० तारखेला शपथ. साधारण दहा दिवस. अशा राज्यात राहून थ्रिलर कशाला वाचायची, हा प्रश्न मला खरंच पडतो, आणि तो माझ्या पहिल्या वाक्यातल्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. अविश्वासाला वाट करून द्यायला तर बातम्या पुरतात.

इथे तुलनेसाठी दोन पुस्तकं हाताशी आहेत. तुलना करायची तर नुसतं ‘हे असं, ते तसं’ करून भागत नाही. दोन गोष्टींत पुरेसं साम्य हवं, तरच त्यांच्यातल्या फरकाला अर्थ येतो. इथे साम्य भरपूर आहे. १९७१ मध्ये फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ आली आणि १९७२ मध्ये अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’. दोघांचीही पहिली कादंबरी. दोघेही बातमीदार. फोर्सिथ साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉयटर्ससाठी पॅरिसमध्ये होता. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या जिवावर उठलेल्या ओएएस या संघटनेच्या बातम्या तो देत होता. साधू मुंबईत पत्रकारिता करत होते आणि मंत्रालयाचं राजकारण जवळून बघत होते. त्यांच्या कादंबरीचं नावच बातमीच्या पहिल्या ओळीसारखं आहे. १९७७ मध्ये त्यांची ‘सिंहासन’ आली. १९७९ मध्ये दोन्ही कादंबऱ्या मिळून जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट झाला, पटकथा विजय तेंडुलकरांची. मधल्या काळात, जुलै १९७८ मध्ये, शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पुलोदचं सरकार आणलं होतं. त्यामुळे प्रेक्षक थिएटरात शिरला तो हे सगळं ताजं बघूनच.

म्हणजे साहित्य तेच होतं, सत्ताधाऱ्याला खाली खेचायचा कट आणि तो जवळून बघणारा बातमीदार. तरी एकाची थ्रिलर झाली आणि दुसऱ्याची झाली नाही. का?

आधी ‘जॅकल’. कादंबरी सुरू होते ती खऱ्या घटनेने. २२ ऑगस्ट १९६२ ला पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि त्यातला मुख्य आरोपी बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ ला गोळ्या घातल्या गेल्या. पुढचं सगळं काल्पनिक आहे. एक भाडोत्री मारेकरी, फक्त टोपणनावाने ओळखला जाणारा, आणि त्याच्या मागावर असलेला फ्रेंच पोलीस अधिकारी लेबेल. आता गंमत बघा. द गॉल १९७० मध्ये घरी, नैसर्गिक मृत्यूने गेले. पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कट फसणार हे माहीत होतं. याच कारणाने काही प्रकाशकांनी ते नाकारलंही होतं. त्यांचा हिशोब साधा होता. शेवट माहीत असेल तर उत्सुकता कसली?

हा हिशोब चुकला. कसा चुकला ते समजून घ्यायला ब्रूअर आणि लिक्टेनस्टाईन यांची १९८२ ची मांडणी उपयोगी पडते. त्यांनी गोष्टीतल्या भावनेचे तीन प्रकार वेगळे केले. धक्का म्हणजे लेखकाने काहीतरी लपवलं होतं आणि ते लपवलंय हेच आपल्याला माहीत नव्हतं. कुतूहल म्हणजे लपवलंय हे माहीत आहे, पण काय ते माहीत नाही. ताण म्हणजे लपवलेलं काही नाही, सुरुवात समोर आहे आणि परिणाम यायचा आहे. अर्नाळकरांच्या रहस्यकथेत कुतूहल जास्त. ‘जॅकल’ जवळजवळ पूर्ण तिसऱ्या प्रकारावर चालते. मारेकरी कोण, कुणी पाठवला, कुणाला मारणार, सगळं सांगितलेलं. वाट बघायची ती फक्त ‘आता कसं?’ याची.

शेवट आधी कळला तर गोष्टीची मजा जाते का, यावर लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड यांचा २०११ चा प्रयोग नेहमी सांगितला जातो. १२ लघुकथा घेतल्या होत्या, आणि शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या जास्त आवडल्या असा निष्कर्ष निघाला. हा प्रयोग बेधडक उद्धृत करू नका. २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाऊम यांना उलट दिशेचे निष्कर्ष मिळाले. आणि एका बैठकीत संपणाऱ्या लघुकथेवरून तीन-चारशे पानांच्या थ्रिलरबद्दल किती बोलायचं, हा प्रश्न उरतोच. प्रयोगाचं नाव आणि वर्ष पाठ असणं वेगळं, तो आपल्या सामग्रीला लागू आहे का हे बघणं वेगळं. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात मी नेमकी हीच चूक केली होती.

मला ‘जॅकल’मध्ये खरी ओढ वाटते ती कामाची. खोटा पासपोर्ट कसा काढायचा? लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव स्मशानातल्या दगडावरून घ्यायचं, त्याचा जन्मदाखला मागवायचा आणि त्यावर अर्ज करायचा. बंदूक कशी बनवून घ्यायची, ती कशात लपवायची, सगळं क्रमाने. दुसऱ्या बाजूला लेबेलही तेच करतो. फोन, नोंदी, हॉटेलांची रजिस्टर्स, रात्र-रात्र जागरण. दोघंही कारकुनी करतात आणि दोघांचीही कामं होतात! ज्याने साध्या दाखल्यासाठी चार फेऱ्या मारल्यात त्या वाचकाच्या दृष्टीने यात केवढं सुख आहे, विचार करा. राज्ययंत्रणा हे इथे एक यंत्र आहे आणि कुठली कळ दाबली की काय हलतं हे कुणालातरी माहीत आहे. कटाचं आकर्षण म्हणतात ते मला पुष्कळदा या माहीत असण्याचं आकर्षण वाटतं.

आता ‘सिंहासन’. चित्रपटाबद्दल बोलते, कारण तुमच्यातल्या बहुतेकांनी तो पाहिला असेल. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक. (आडनाव योगायोगाने शिंदे आहे, पुढे कुणी काही म्हणू नका.) त्यांना निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू. ते खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. मधून फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. कामगार पुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी. एवढं भांडवल कुठल्याही थ्रिलरला पुरलं असतं. निनावी फोन तर थ्रिलरचा ठेवणीतला माल.

पण इथे कट एक नाही. प्रत्येकाचा आपापला आहे आणि प्रत्येकाचा दुसऱ्याच्या कटात अडकतो. आमदार मोजले जातात, फुटतात, परत येतात. कामगारांचा प्रश्न, तस्करांचा पैसा, घरातली भानगड, सगळ्यांचे धागे एकमेकांत गुंततात आणि ठरवलेलं जसंच्या तसं कुणाचंच होत नाही. कार्ल पॉपरने समाजाच्या ‘कट-सिद्धांता’वर टीका करताना हेच म्हटलं होतं. कट होतात, पण क्वचितच सफल होतात, आणि समाजशास्त्राने बघायचं ते न ठरवलेल्या परिणामांकडे. साधूंनी पॉपर वाचला होता की नाही यात मी शिरत नाही. मंत्रालयाचे जिने चढउतार केले की हे आपोआप कळत असावं.

इथवर आले तेव्हा मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं होतं. थ्रिलरमध्ये कट यशस्वी, वास्तववादी कादंबरीत अयशस्वी, म्हणून थ्रिलर खोटी. तसं लिहूनही झालं. मग ‘जॅकल’चा शेवट परत वाचला. २५ ऑगस्टचा मुक्तिदिनाचा सोहळा. नेम अचूक धरलेला. आणि द गॉल एका जुन्या सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला किंचित पुढे वाकतात. गोळी चुकते. इतक्या महिन्यांचं काटेकोर काम एका फ्रेंच रिवाजापुढे वाया जातं. म्हणजे योगायोग फोर्सिथलाही माहीत आहे, त्याने तो फक्त शेवटपर्यंत दाबून ठेवला. माझी सुबक विभागणी तिथेच मोडली. मोडली ते बरंच झालं.

मग फरक कुठे राहिला? तो मला आता वेगळ्या जागी दिसतो. लेबेलला जे कळतं त्याचा उपयोग होतो. एकेक तुकडा जुळतो, तो धावत त्या खोलीत पोहोचतो आणि दुसरी संधी मिळण्याआधी मारेकऱ्याला मारतो. कळणं आणि करणं यांच्यात काही मिनिटांचं अंतर आहे, आणि ती मिनिटं म्हणजेच थ्रिलर. दिगू टिपणीसलाही सगळं कळतं. कोण कुणाला भेटला, कुणाचा पैसा कुठून आला, कोण फुटणार, या शहरात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि त्याने काहीच होत नाही. मुख्यमंत्री खुर्ची टिकवतात, दाभाड्यांशी तडजोड होते आणि दिगू भर रस्त्यात एका भिकाऱ्याबरोबर वेड्यासारखा हसत सुटतो. त्याच्या डोक्यातल्या माहितीला जायला जागाच उरलेली नसते.

दोन्ही लेखक बातमीदार होते हे म्हणून महत्त्वाचं. एकाने आपलं जाणतेपण मारेकऱ्याला आणि पोलिसाला वाटून दिलं, दुसऱ्याने ते एका बातमीदाराच्याच गळ्यात अडकवलं. थ्रिलर वाचकाला ‘तुझ्याविरुद्ध कट आहे’ हे सांगते म्हणून तो तिच्याकडे ओढला जातो, असं मी समजत होते. ते तर त्याला माहीतच असतं. ती त्याला ‘कळलं तर उपयोग होतो’ हे सांगते. हे वास्तवात दुर्मिळ आहे आणि पैसे देऊन वाचावं असं आहे.

हॉफस्टॅटरने १९६४ मध्ये राजकारणातल्या ‘पॅरानॉइड’ शैलीबद्दल लिहिलं. पुढे फ्रेडरिक जेमसनने म्हटलं की आजच्या अवाढव्य व्यवस्थेचा नकाशा काढता येत नाही तेव्हा कटाची गोष्ट हा गरिबाचा नकाशा ठरतो. दोघंही वाचायलाच हवेत, आणि जेमसनचं निरीक्षण नकाशातून गळालेल्या गल्लीत राहून वाचलं की अंगावर येतं. पण दोघांच्या बोलण्यात वाचक जरा खालच्या पायरीवर उभा असतो. त्याला काहीतरी झालेलं आहे, भीती तरी किंवा अज्ञान तरी. काकांचं ‘एवढी वर्षं लागली नसती’ या चौकटीत कुठेच बसत नाही. त्यांना थ्रिलर आणि महापालिका यांतला फरक कळतो, आणि तरी थ्रिलर आवडते.

म्हणून आता तिसऱ्या खर्ड्यात प्रश्न बदललाय. १९७० च्या दशकातल्या मराठी राजकीय कादंबरीत आणि तेव्हाच्या थ्रिलरमध्ये ‘कळणं’ आणि ‘करणं’ यांचं नातं कसं रचलेलं आहे, आणि दोन्ही वाचणारे वाचक ते कसं समजून घेतात? गाईडनी ‘कारण’भोवती गोल करायला आता तो शब्दच ठेवला नाही. गोल या वेळी ‘वाचक’भोवती होता. बरोबरच आहे. जॅनिस रॅडवेने १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये हे करून दाखवलंय. प्रणयकथा वाचणाऱ्या बायकांना तिने प्रत्यक्ष विचारलं, तेव्हा कथानकाइतकंच महत्त्वाचं निघालं ते पुस्तक उघडून बसण्याचं कृत्य, घरकामातून स्वतःसाठी काढलेला वेळ. नुसत्या पुस्तकात डोकं घालून हे तिला सापडलं नसतं. थ्रिलरच्या बाबतीत वाचनालयातून रोज पुस्तक बदलणं, लोकलमध्ये उभ्याने वाचणं, आता मोबाईलवर एका रात्रीत मालिका संपवणं, यांचा वेगाशी काय संबंध आहे ते मला विचारावं लागणार आहे. प्रश्नावली तयार करताना ‘तुम्हाला थ्रिलर का आवडते?’ हा प्रश्न मात्र टाकू नका. त्यावर लोक चांगलं दिसणारं उत्तर देतात. ‘मागचं पुस्तक कुठे बसून वाचलंत, कुठे थांबलात, कुणाला सांगितलंत?’ असं विचारा.

चाचणी म्हणून काकांना ‘सिंहासन’ परत दाखवला. शांतपणे बघत होते, मध्ये दोनदा आमदारांचा हिशोब बोटांवर केला. शेवटी दिगू हसायला लागला तेव्हा म्हणाले, ‘याला चार दिवस रजा द्यायला पाहिजे होती.’ मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलंय. कुठल्या रकान्यात टाकायचं ते अजून ठरत नाहीये.